अधिकृत पांढरा

नागरिक ओळखपत्र मंडळाच्या छायाचित्र शाखेत फोटो सुधारण्यासाठी जे मॉनिटर होते, त्यांचं आपापसात पटत नसे. खिडकीजवळच्या मॉनिटरवर जो नागरिक टोमॅटोसारखा लालबुंद दिसे, तोच दाराजवळच्या मॉनिटरवर कावीळ झाल्यासारखा दिसे आणि कार्डावर छापून आला की तिसऱ्याच रंगाचा होई. अशी कार्डं खिशात घालून लोक निमूटपणे हिंडत होते आणि मंडळालाही त्याचं काही वाटत नव्हतं. पण एकदा खुद्द संचालकसाहेबांच्या मेहुण्याचं कार्ड छापून आलं आणि त्यात मेहुणा वांग्याच्या रंगाचा निघाला. मग मात्र सदर बाब अत्यंत गंभीर असल्याचं मंडळाच्या लक्षात आलं. रंगांच्या बाबतीत तंतोतंत खरं दाखवणारा एक मॉनिटर तातडीने खरेदी करावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळात सगळेच ठराव एकमताने मंजूर होत, कारण दुसरं मत बाळगायची तिथे कुणाला सवयच नव्हती.

शाखेत रंगांतलं काही कळणारी एकच व्यक्ती होती. तिच्या पदाचं नाव ‘हंगामी रंगसंपादिका’ असं होतं आणि हा हंगाम बरीच वर्षं चालू होता. सगळे तिला रंगताई म्हणत. मॉनिटर येणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला आणि त्यामागे घरचं कारण होतं. तिचे बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. कपात ओतलेला चहा बशीत पडायचा आणि जिना उतरताना एक पायरी शिल्लक असतानाच ते जमीन आली असं समजून पाय टाकायचे. ऑपरेशन साधंच होतं, पण नेत्र रुग्णालयात मंडळाच्या कार्डाशिवाय कुणाला दारातसुद्धा उभं करत नसत. बाबांचा फोटो तिने स्वतःच काढून ठेवला होता.

“थोडं थांबा बाबा,” ती म्हणाली होती. “नवा मॉनिटर येऊ दे. तुमचं कार्ड असं झकास काढते, की तुम्हीच ओळखाल, हा मीच म्हणून.”

“लवकर काढ गं,” बाबा म्हणाले. “परवा शेजारणीला मी तूच समजलो आणि भाजीत मीठ कमी होतं म्हणून बोललो. ती बिचारी भाजी कधी करून गेली होती, कोण जाणे.”

मॉनिटर निवडायला समिती नेमली गेली. उपसंचालक अध्यक्ष, खरेदी अधिकारी सदस्य आणि रंगताई विशेष निमंत्रित. विशेष निमंत्रित म्हणजे ज्याला चहा मिळतो पण मत विचारलं जात नाही. तरी तिने हौसेने एक टिपण करून नेलं होतं. पडदा चकचकीत नको, कारण त्यात आपलंच तोंड दिसतं. उजेड या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखा हवा. रंगांचा आवाका मोठा हवा, आणि मुख्य म्हणजे यंत्र लावून रंग जुळवता यायला हवेत.

“यात रंग किती?” खरेदी अधिकाऱ्याने विचारलं.

“अब्जाच्या वर.”

“अहो, अब्जाच्या वर रंग घेऊन आपण करायचं काय? आपले नागरिक काय तेवढ्या रंगांचे आहेत?”

“तेवढे असले, की चेहऱ्यावरच्या सावल्या नीट...”

“सावल्यांसाठी वेगळी तरतूद नाही,” उपसंचालक म्हणाले. “काळा आणि पांढरा तरी आहे ना त्यात?”

“आहे.”

“मग झालं तर. मूलभूत गरजा भागल्या.”

विक्रेते आपापले मॉनिटर घेऊन आले. एकावर पोपट होता, एकावर फळांची परडी, एकावर धबधबा. समितीला पोपट फारच आवडला. इतका हिरवा पोपट आपण जन्मात पाहिला नाही, असं उपसंचालक म्हणाले आणि हीच त्या मॉनिटरची लायकी ठरली. रंगताईने एखादा माणसाचा चेहरा दाखवा म्हटलं, तेव्हा विक्रेता समजूत घातल्यासारखा हसला. “मॅडम, चेहऱ्यावर मॉनिटर विकला जात नाही,” तो म्हणाला.

तरीही खरेदी झाली ती योग्य मॉनिटरचीच, आणि तीही निव्वळ नशिबाने. त्या मॉनिटरला वरून आणि दोन्ही बाजूंनी काळं झाकण होतं. ते कशाला, असं खरेदी अधिकाऱ्याने विचारलं. बाजूचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून, रंगताई म्हणाली.

“म्हणजे बाजूने जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसणार नाही?”

“तसंही होतं.”

खरेदी अधिकाऱ्याने उपसंचालकांकडे पाहिलं, उपसंचालकांनी खरेदी अधिकाऱ्याकडे पाहिलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर कार्यालयीन वेळेतले पत्त्यांचे डाव तरळून गेले. मॉनिटर मंजूर झाला.

रंगताईने मग जिवाचं रान केलं. खोलीच्या पोपटी भिंती राखाडी करून घेतल्या, कारण भिंतीचा रंग डोळ्यांत उतरतो. खिडकीला जाड पडदा लावला. छतावरचा पिवळा दिवा काढून नीट उजेडाचा बसवला. स्वतः राखाडी कपडे घालून यायला लागली. मॉनिटर चालू करून तापू दिला आणि मग रंग मोजायचं यंत्र पडद्यावर लटकवलं. ते काळं, बसकं, पोटाखाली एक डोळा असलेलं यंत्र पडद्याला असं चिकटून बसे, की शाखेत त्याचं नाव बेडूक पडलं. बेडकाने एकेक रंग बघितला, मोजला आणि मॉनिटरला सांगितलं, तू इथे खोटं बोलतोयस, इथे जरा जास्त बोलतोयस. मॉनिटरने मुकाट्याने ऐकलं. त्या इमारतीत खोटेपणा दाखवून दिल्यावर सुधारणारं कुणीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

सगळं झाल्यावर तिने बाबांचा फोटो उघडला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबा होते तसे दिसत होते. कानाच्या पाळीचा तांबूसपणा, हनुवटीवरची राहिलेली पांढरी खुंटं, गालावरचा तो जुना फिकट डाग, सगळं जिथल्या तिथे. मागची भिंत पांढरी म्हणजे पांढरीच. ती छापायला देणार, एवढ्यात शिपाई धावत आला. संचालकसाहेब पाहणीला येत होते. पाहणी होऊन मान्यता मिळेपर्यंत नव्या मॉनिटरवरून एकही कार्ड छापायचं नाही, असा नियम होता.

साहेब आले. बरोबर उपसंचालक आले, खरेदी अधिकारी आले, आणि ज्यांचा रंगांशी काडीचाही संबंध नाही असे चार-पाच शाखाप्रमुखही आले. साहेबांनी झाकणात डोकं घातलं, डोळे बारीक केले, मागे सरकले, पुन्हा पुढे झाले.

“पिवळट वाटतंय,” ते म्हणाले.

सगळ्यांनी एकदम माना पुढे काढल्या.

“किंचित पिवळट आहेच, साहेब,” उपसंचालक म्हणाले. घटकाभरापूर्वीच त्यांनी तोच पडदा बघून ‘दुधासारखा’ असे उद्गार काढले होते.

“मी तर दारातूनच म्हटलं, पिवळं काय दिसतंय?” खरेदी अधिकारी म्हणाला.

“साहेब,” रंगताई चाचरत म्हणाली, “बेडकाने मोजलंय. पांढरं आहे ते.”

“कोण बेडूक? कायमस्वरूपी आहे का तो?”

“यंत्र आहे, साहेब.”

“मॅडम, मी या मंडळात किती वर्षं आहे, माहीत आहे ना? पांढरं काय आणि पिवळं काय, ते मला यंत्राने शिकवायचं?” साहेब रागावले नव्हते. ते अत्यंत समजूतदारपणे बोलत होते आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

रंगताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे पडद्याकडे बघून गंभीरपणे पिवळे होत होते. तिच्या मनात आलं, हंगाम याच महिन्यात संपायचाय, पुढचा द्यायचा की नाही ते हेच ठरवणार, आणि बाबांचं कार्डही यांच्याच मान्यतेवर अडलंय. ती म्हणाली, “बघते, साहेब.” तिने बटण दाबून निळा वाढवला.

“अजून थोडा.”

तिने अजून थोडा वाढवला. दरम्यान चहा आला. साहेब चहा पीत “अजून, अजून” म्हणत राहिले आणि अखेर कप खाली ठेवून म्हणाले, “हां! याला म्हणतात पांढरा.” सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जो समोर होता तो रंग लहान मुलाने गोठलेल्या तळ्याच्या चित्रात भरावा असा होता. त्याला ‘अधिकृत पांढरा’ असं नाव देण्यात आलं, उपस्थित सर्वांना तो पांढरा दिसल्याची नोंद झाली आणि मॉनिटरची बटणं कुणी छेडू नयेत म्हणून त्यांवर सीलबंद पट्टी चिकटवली गेली.

आता यातून पुढे काय व्हायचं ते क्रमाक्रमाने झालं. निळ्या पडद्यावर चेहरे निळे दिसू लागले, म्हणून रंगताईने सवयीने त्यांत थोडी ऊब, म्हणजे तांबूस-पिवळी छटा, घातली. ती ऊब कार्डावर पिवळी होऊन उतरली. साहेबांनी ते कार्ड पाहिलं आणि ते हवालदिलच झाले. एवढा शुद्ध पांढरा ठरवून दिला, तरी हा पिवळेपणा येतोच कुठून? लगेच आदेश निघाला. संपादकांनी स्वतःचं डोकं चालवू नये, भिंत आणि चेहरा अधिकृत पांढऱ्याशीच जुळवावा, आणि छपाईयंत्रही पडद्याच्या शिस्तीत आणावं. छपाईयंत्र शिस्तीत आलं. दुसऱ्या दिवसापासून मंडळातून निळसर माणसं बाहेर पडायला लागली.

बेडूक मात्र वठणीवर येईना. दर आठवड्याला त्याला पडद्यावर बसवायचं असा कंपनीचा नियम होता, आणि दर आठवड्याला तो लाल अक्षरांत बोंब मारायचा, की पांढरा चुकलाय. या वर्तनाबद्दल त्याला रीतसर कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. तुम्ही सक्षम अधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध वारंवार मत व्यक्त करत आहात, तरी आपणावर कारवाई का करू नये? मुदतीत खुलासा आला नाही. मौन म्हणजे कबुली, असा शेरा मारून उपसंचालकांनी बेडकाला लोखंडी कपाटात कोंडलं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. आम्ही एवढे निळे नाही, असं लोकांचं म्हणणं होतं. मंडळाने प्रत्येकाला नम्रपणे एकच प्रश्न विचारला: आपण निळे नाही हे आपण कशात पाहिलंत? लोक म्हणत, आरशात. मंडळ विचारी, सदर आरशाचं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने रंगजुळणी, झालेलं आहे काय? आता आरशाचं कॅलिब्रेशन कुणी केलेलं असतं? झालं! तक्रार निकाली. काही चिवट लोक बिनआरशाचे साक्षीदार घेऊन आले, तेव्हा साक्षीदारांच्या डोळ्यांचा दाखला मागण्यात आला. मग हळूहळू तक्रारी थांबल्या. शेवटी मंडळाच्या फाटकाबाहेर एका बाईने निळसर पावडर विकायला सुरुवात केली, आणि तपासणीला जाताना लोक ती गालांना थापून जाऊ लागले. कार्डाशी तोंड जुळलं म्हणजे झालं, त्यात एवढं काय, असं एकमेकांना म्हणू लागले.

साहेबांचं समाधान मात्र टिकत नव्हतं. थोडे दिवस गेले, की त्यांना पडदा परत पिवळा वाटे. मॉनिटर म्हातारा होतोय, असं त्यांनी निदान केलं. मग दर महिन्याला पिवळेपणा निवारण बैठक सुरू झाली. बैठकीत सीलची पट्टी फोडायची, रंगताईने निळा चढवायचा, साहेबांनी “हां” म्हणायचं आणि नवी पट्टी चिकटवायची.

अशाच एका बैठकीनंतर बाबांच्या कार्डाचा क्रमांक लागला. रंगताईने फोटो उघडला. शेजारीच, संगणकाच्या पोटात, तिने पहिल्या दिवशी केलेला खरा बाबांचा फोटोही होता. तोच छापावा असं तिला फार वाटलं. पण अधिकृत पांढऱ्याशी न जुळणारं कार्ड यंत्र बाहेरच सोडत नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने बापाला निळं केलं. कानाची पाळी जांभळी झाली. गालावरचा डाग शाई सांडल्यासारखा दिसायला लागला. तिला स्वतःची चीड आली, पण चीड आली तरी हात थांबला नाही.

घरी आल्यावर तिने कार्ड बाबांच्या हातात ठेवलं आणि बोलणी खायची तयारी केली. बाबांनी ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

“वा! काय सुरेख आलाय गं फोटो! अगदी मी. भिंतसुद्धा कशी पांढरीशुभ्र.”

“पांढरी दिसते तुम्हाला?”

“मग काय! हल्ली बाकी सगळं बघावं तर मेलं चहा सांडल्यासारखं पिवळट दिसतं. आपल्या चादरी, तुझा चेहरा. हे कार्ड तेवढं स्वच्छ दिसतंय बघ. तुमचे साहेब जाणकार दिसतात हो.”

घरात ज्या डोळ्यांना रंगताई रोज औषधाचे थेंब घालत होती, अगदी तसेच डोळे मंडळ चालवत होते. आणि इतके दिवस तिच्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने धीर करून उपसंचालकांना गाठलं. साहेबांना एकदा डोळे दाखवायला सांगायला हवं, असं ती म्हणाली. उपसंचालकांनी आधी उठून दार लावून घेतलं.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“बोलू नका. अहो, पांढऱ्यावर शंका घेतलीत तर एक वेळ चालेल. तुम्ही थेट साहेबांच्या डोळ्यांवर घसरलात!”

“पण सर, तुम्हाला तो पडदा कसा दिसतो? खरं सांगा.”

उपसंचालकांनी दार नीट लागलंय ना ते पुन्हा बघितलं. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “मला निवृत्तीपर्यंत पांढरा दिसणार आहे. नंतरचं नंतर बघू.”

शेवटी ती बाबांना घेऊन नेत्र रुग्णालयात गेली. खिडकीतल्या बाईने कार्ड बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं आणि घंटी वाजवली. दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन धावत आली.

“पेशंट निळा पडलाय,” ती बाई म्हणाली. “श्वास नीट होत नसणार. आधी हृदयाचं बघावं लागेल, डोळ्यांचं नंतर.”

“अहो, ते निळे नाहीत! बघा ना त्यांच्याकडे!”

“मी कार्डाकडे बघितलंय ना.”

“पण माणूस समोर उभा आहे तुमच्या!”

“मॅडम, कार्ड मंडळाने तपासून दिलेलं आहे. यांना कुणी तपासलंय?” मग ती बाई जरा मवाळ झाली. “मंडळात कोण बसतं हे असं करायला, देव जाणे. त्यांच्या घरी आईबाप नसतात का हो?”

तोवर त्या दोन माणसांनी बाबांना खुर्चीत बसवून नाकावर प्राणवायूची नळी लावली. ते घाबरून तिचा हात चाचपडत होते आणि विचारत होते, “काय झालंय मला? खरं सांग, फार गंभीर आहे का?” हृदय ठणठणीत निघालं. त्यामुळे डॉक्टरांचा संशय वाढला आणि बाबांना तपासण्यांसाठी ठेवून घेतलं. डोळ्यांची तारीख गेली. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाबा जिन्यात पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

मग मात्र तिचा संयम सुटला. हंगाम गेला चुलीत, म्हणत ती थेट साहेबांच्या खोलीत घुसली.

“साहेब, तुमच्या डोळ्यांबद्दल बोलायचंय.”

“अरे हो, बरं झालं आठवण केलीत,” साहेब म्हणाले. “पुढचा आठवडाभर मी नाहीये. मोतीबिंदू काढायचाय. दोन वर्षं झाली, डॉक्टर मागे लागलेत, पण या मॉनिटरच्या व्यापात सवड कुठली?”

“साहेब... तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय! डोळे माझेच आहेत.”

“मग तो पांढरा?”

“त्याचा इथे काय संबंध?” साहेबांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं. “डोळे ही माझी वैयक्तिक बाब आहे. पांढरा ही मंडळाची बाब आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, मॅडम.”

“रुग्णालयात कार्ड लागेल, साहेब. निळं.”

“कार्ड?” साहेब हसले. “मला तिथे सगळे ओळखतात.”

साहेब आठवड्याने परतले ते टवटवीत होऊन. चष्मा गेला होता. सगळ्यांनी फुलं दिली. फुलांचे रंग बघून साहेब लहान मुलासारखे हरखले, आणि त्याच आनंदात बैठकीला आले. झाकणात डोकं घातलं आणि विंचू चावल्यासारखे मागे उडाले.

“हे काय निळंशार करून ठेवलंय? कुणी केलं हे?”

“निळंच आहे, साहेब,” उपसंचालक तत्काळ म्हणाले.

“मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय,” खरेदी अधिकारी म्हणाला. आणि गंमत अशी, की त्याला खरोखरच तसं आठवत होतं.

चौकशी बसली. ज्यांना पांढरा दिसला होता तेच सगळे चौकशी समितीवर होते, म्हणून काम झटपट झालं. त्या वेळी जो पांढरा होता तो त्या वेळी पांढराच होता, सबब कोणाचाही दोष नाही, असं ठरलं. पण इतकी निळी माणसं गावभर पसरली म्हटल्यावर कुणीतरी दोषी हवाच होता. तो सापडला. रंग चुकले तर सावध करण्यासाठी ज्याची नेमणूक होती, त्या बेडकाने इतके महिने चकार शब्द काढला नव्हता! कर्तव्यात कसूर केल्याबद्दल बेडूक भंगारात काढण्यात आला. तो कपाटात होता, असं रंगताई म्हणाली असती. त्याच बैठकीत तिचा हंगाम संपवून तिला कायम करण्याचा ठरावही होता, आणि तो आधीच्या ठरावानंतर लगेच यायचा होता. साहेबांनी विचारलं, “मॅडम, बेडकाबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?” ती म्हणाली, “नाही, साहेब.” दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले.

मॉनिटर पुन्हा खरा झाला. बाबांचं नवं कार्ड निघालं, रुग्णालयाने त्यांना माणसाच्या रंगाचा माणूस म्हणून आत घेतलं, आणि एका सकाळी त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली. घरी आल्यावर ते कितीतरी वेळ नुसते बघत बसले. चादर बघितली, खिडकी बघितली, लेकीचे पिकलेले केस बघितले. मग खणातलं काही शोधताना त्यांच्या हाताला ते जुनं कार्ड लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

“हा मी?” ते म्हणाले. “हा तर बुडून मेलेला माणूस दिसतोय. आणि मी वेड्यासारखा सुरेख, सुरेख करत होतो.”

“तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं ना, बाबा.”

“हो ना. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.” ते कार्डावरची नजर काढून तिच्याकडे बघायला लागले. आता त्यांना अगदी लख्ख दिसत होतं. “तुझ्या डोळ्यांत काय होतं गं?”

रंगताईने बाबांच्या प्लॅस्टरमधल्या हाताखाली उशी सरकवली आणि चहा ठेवायला उठली.

तुम्हाला तिचा राग आला असेल. यायलाच हवा. मी असतो तर तिथल्या तिथे उठून सांगितलं असतं, असंही तुम्ही मनात म्हणाला असाल. चांगलं आहे. तर मग तुम्हाला एकच सोपा प्रश्न विचारतो. आत्ता तुमच्यासमोर जे पान आहे, ते कोणत्या रंगाचं आहे?

हं. उत्तर द्यायच्या आधी शेजारी कोण बसलंय ते बघून घेतलंत ना?